दारात हरवलेला डग्गा

पुण्याहून मिरजेला निघालो की कात्रजचा बोगदा मागे पडल्यावर मी गाणं लावतो. आठ वर्षं त्याच हॅचबॅकमध्ये, कंपनीने बसवलेल्या स्टिरिओवर भीमसेनजी ऐकले. आवाज मोठा व्हायचा, पण गाणं अर्धंच यायचं. तबल्याची चाट कानावर आदळायची आणि डग्ग्याचा घुमारा कुठेतरी विरून जायचा. तंबोऱ्याचा खर्ज तर आहे असं समजूनच ऐकायचं. शेवटी स्टिरिओ बदलायचं ठरवलं. आज मागे वळून पाहताना वाटतं, सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली.

दुकानात खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं : 50 वॅट × 4. हा आकडा येतो कुठून ते समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतात. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट असतात. स्टिरिओच्या पोटातली चिप स्पीकरला याहून जास्त व्होल्ट देऊ शकत नाही. स्पीकरचा रोध बहुतेकदा 4 ओहम असतो. आता 14.4 चा वर्ग करा, 4 ने भागा. उत्तर 52 च्या आसपास येतं. खोक्यावरचे 50 ते हेच. मात्र एवढी शक्ती मिळायला आवाजाच्या लाटेचे माथे सपाट कापले जावे लागतात, म्हणजे आवाज पार फाटलेला असावा लागतो. स्वच्छ, गोलाईदार स्वराला हाच हिशेब 26 वॅटवर येतो, आणि चिपमधली घट वजा केली की हाती राहतात 18 ते 20. बॅटरी तीच असल्यामुळे कंपनीचा जुना स्टिरिओही साधारण तेवढंच देत होता. नव्या स्टिरिओने ब्लूटूथ मिळतं, मोठा पडदा मिळतो, इक्वलायझर चांगला मिळतो. ताकद मिळत नाही. ती हवी असेल तर वेगळा ॲम्प लागतो, जो आतल्या आत व्होल्ट वाढवून घेतो.

त्यातही कानाचा हिशेब वेगळाच आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला जवळपास दहापट वॅट लागतात. म्हणून स्पीकर घेताना वॅटच्या आकड्याआधी संवेदनशीलतेचा आकडा विचारा. 88 ऐवजी 91 डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेच 20 वॅट 40 सारखे वाजतात. कंपनीच्या स्पीकरचा मॅग्नेट बहुधा छोटा आणि पडदा साध्या कागदाचा असतो, त्यामुळे पुढचे दोन स्पीकर बदलणं हा सर्वांत फलदायी खर्च. मागे कोणी बसतच नसेल तर मागच्यांना हातही लावू नका.

पण नवे स्पीकर बसवूनही माझा डग्गा परतला नाही. दोष दरवाज्यात होता.

स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन उलट लाटा एकमेकींना भेटल्या की दोन्ही विझतात. तार स्वरांचं फारसं बिघडत नाही. खर्जाची लाट मात्र लांब असते, 100 हर्ट्झची जवळपास साडेतीन मीटर, आणि ती सहज वळसा घालून मागून पुढे येते. डोअर पॅड काढून पाहा : आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात आणि त्यांवर पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. डग्गा तिथून निसटतो. ही भोकं नीट बंद केली, बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावली, स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये घट्ट रिंग बसवली की त्याच स्पीकरमधून खर्ज येऊ लागतो. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर भोपळा निवडतात तो स्वराबरोबर घुमावा म्हणून. गाडीचा दरवाजा हाही एक प्रकारे स्पीकरचा भोपळाच, फक्त त्याने गप्प राहायचं असतं. पत्रा स्वतः थरथरला की गाण्यात त्याचा आवाज मिसळतो.

शीट घेताना डांबराची घेऊ नका. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ती मऊ होऊन घसरते आणि वास सुटतो. ब्यूटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली घ्या. आणि दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती फिटरकडून चुकूनही बुजू देऊ नका. नाहीतर कोकणातल्या एका पावसाळ्यात दरवाजा आतून गंजायला लागतो. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहावी. मॅग्नेट खोल असेल तर काच त्याला अडते.

वायरिंगबद्दल एकच आग्रह : कंपनीची वायर कापू द्यायची नाही. जवळजवळ प्रत्येक गाडीसाठी जोडायचे कपलर मिळतात. उद्या जुना स्टिरिओ परत बसवायचा झाला तर दहा मिनिटांत बसतो, आणि कापलेल्या वायरवरून वॉरंटीचा वाद उभा राहत नाही. ॲम्प बसवलात तर बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज हवा, कारण पुढे कुठेही वायर घासून बॉडीला टेकली तर आग लागू शकते. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्याला करायचं. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर आधी तिथेच पाहा.

पूर्वी हे सगळं सोपं होतं. 180 × 50 मिलिमीटरचा ठरावीक खाचा, एक टेप काढा, दुसरा सरकवा. 1930 मध्ये शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी मोटोरोला या नावाने विकलेला रेडिओही गाडीत नंतर बसवायचाच होता. आता स्टिरिओच्या पडद्यात रिव्हर्स कॅमेरा असतो, कधी एसीसुद्धा असतो, तो उपटणं शहाणपणाचं नाही. अशा गाडीत पडदा तसाच ठेवून स्पीकरच्या वायरींवरूनच आवाज घ्यायचा आणि डीएसपी, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप, असलेल्या ॲम्पला द्यायचा. आवाज वाढवला की खर्ज आपोआप कमी करण्याची सवय अनेक कंपनी स्टिरिओंना असते, तीही त्यात दुरुस्त करता येते.

डीएसपीची खरी करामत वेगळी आहे. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर गुडघ्यापाशी आणि डावा अर्धा-पाऊण मीटर आणखी दूर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवीकडचा स्वर दीड-दोन मिलिसेकंद आधी पोचतो आणि कान सगळी मैफल उजव्या दारात बसवून टाकतो. मी टेपने अंतरं मोजली, उजव्या स्पीकरला तेवढा उशीर भरला आणि गाणं पुन्हा लावलं. दारातून भीमसेनजी उठले आणि समोर, काचेच्या मधोमध येऊन बसले. मागे दोन तंबोरे, एक डावीकडे, एक उजवीकडे.