शेंडा कुठे निघाला

सकाळी ६.१५
पुण्यात एरंडवण्यातल्या एका गल्लीत माळीदादा स्कूटर लावतात. आज दिवसभर मी त्यांच्याबरोबर. पायाशी गोणपाटाची पिशवी. तिच्यात सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, खुरपं, सुतळीचा गुंडा, स्पिरिटची बाटली आणि खोबरेल तेलाची डबी. आधी तेल. दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आज मनी प्लांट आहे, सिंगोनियम आहे, मॉन्स्टेरा आहे. सगळी अळवाच्या कुळातली. चीक लागला की खाज सुटते, ती दुपारपर्यंत जात नाही. "अळू चिरायला बसताना आई असंच तेल लावायची," दादा म्हणतात. सिकेटर तीन वर्षांपूर्वी साडेसहाशेला घेतलेलं. स्प्रिंग दोनदा बदलली, दर वेळी चाळीस रुपये.

६.३०
दुसरा मजला, गॅलरी. टांगलेल्या कुंडीतून मनी प्लांट खाली सुटलाय. चांगला नऊ फूट. वरचं पान तळहाताएवढं, शेंड्याकडचं दोन रुपयांच्या नाण्याएवढं, मधली वेल बोडकी.

"दादा, दोनदा खत घातलं हो. तरी पानं बारीकच."

"खताचं नाही ताई हे. लोंबतंय ना, म्हणून."

दादा त्यांना मागच्या खिडकीशी नेतात. सोसायटीच्या आंब्यावर एक वेल चढलीय. पानं सुपाएवढी, कडेला फाटलेली, पिवळ्या फराट्यांची. ताई सहा वर्षं ती रोज बघतात. तीही मनी प्लांटच, हे त्यांना आज कळलं. पॅसिफिक महासागरातल्या मोरिआ बेटावरची ही वेल. झाडाला धरून चढली की एकेक पान आधीच्या पानाहून मोठं होत जातं. आधार सुटला की पान आखडतं, दोन पेरांतलं अंतर वाढतं आणि सगळा जोर पुढे सरकण्यावर जातो. खालची ती बारीक पानं आजाराची नव्हेत. वेल बुंधा शोधत निघालीय.

दादांचं घर दौंडकडे. दोन एकर ऊस आहे, त्यामुळे भाषा उसाची. "हे पेर. हा डोळा. हे बघा, पेराखाली तपकिरी टोक. हे मूळ." मी वाकून बघतो. मोहरीएवढा उंचवटा, टोकाशी ओलसर. ते पाण्याची वाट बघत थांबलंय. दादा पेराच्या अर्धा इंच खाली कापतात. एका कांडीला एक डोळा, असेल तर एक पान. शेंडा कापला की मागचे डोळे जागे होतात, फुटवे येतात. नऊ फुटांतून एकवीस कांड्या निघाल्या. नऊ त्याच कुंडीत, बोडक्या जागी खोचल्या. उरलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत.

७.५०
टपरीवर चहा, वडापाव. दादांकडे चौदा घरं. आठवड्यातून एक फेरी, महिन्याला सातशे ते नऊशे. पेट्रोल त्यातच. कुंडी, माती, काठी यांचे वेगळे.

८.३०
प्रभात रोडवरचा जुना फ्लॅट. मॉन्स्टेराची कुंडी खिडकीशी. वेल मात्र जमिनीवर उतरून पुस्तकांच्या कपाटामागे शिरलीय. आजोबा हैराण. "उजेड इकडे, आणि हे अंधारात कशाला तडमडतंय?"

दादा कपाटामागे हात घालून बघतात. "बुंधा शोधतंय आजोबा. सावली दिसली की त्याला वाटतं, झाड आहे."

दादांनी हे नुसत्या बघण्यातून ओळखलंय. १९७५ साली स्ट्राँग आणि रे या दोघा अभ्यासकांनी कोस्टा रिकाच्या जंगलात मॉन्स्टेराच्याच एका जातीची रोपं तपासली होती. रुजून आलेली रोपं उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटत होती. रानात सगळ्यात गडद सावली मोठ्या झाडाच्या बुंध्याची. तो सापडला, मुळांनी घट्ट धरला, की मग वेल उजेडाकडे वळते. कपाटामागचा प्रकार मला त्याच वळणाचा वाटतो.

आजींनी मात्र हवेतली मुळं कात्रीने छाटून टाकलीत. घरात दोऱ्या लोंबल्यासारखं दिसतं म्हणून.

"आजी, वडाच्या पारंब्या कापतं का कोणी?"

आजी गप्प होतात. मग विचारतात, "परत येतील ना?"

"येतील. नवीन येतील."

वेल चढवायची काठी दादा घरीच करून आणतात. तीन फुटी पीव्हीसी पाईप, भंगारातून वीस रुपयांना. वर भिजवलेलं गोणपाट, त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. सगळं मिळून नव्वद रुपये. बाजारात तयार काठीला अडीचशे. दादा एकशे साठ घेतात.

पुढचा अर्धा तास मी नुसता बघत बसलो. वेल ओढायची नाही. आधी तिची पाठ शोधायची. ज्या अंगाने मुळं फुटतात ती पाठ, पानं येतात ते पोट. पाठ काठीला लावायची. उलटी बांधली तर मुळं हवेत राहतात आणि वेल पुन्हा कलते. सुतळीचा फास खोडाला, पानाच्या देठाला कधीच नाही. देठ बांधला की पान वळू शकत नाही. फासात करंगळी जाईल एवढी ढील. दोन लांब मुळं दादांनी तोडली नाहीत, वाकवून कुंडीच्या मातीत पुरली. मग झारीने पाणी काठीवरून सोडलं, गोणपाट काळं पडेपर्यंत.

"पाणी रोज काठीला द्यायचं. मातीत बोट घालून बघायचं, कोरडी लागली तरच मातीला."

११.१०
एक ऑफिस. चकचकीत कुंड्यांत मार्बल क्वीन, हिरव्या-पांढऱ्या पानांचा मनी प्लांट. एका वेलीला सलग पाच पानं पूर्ण पांढरी आली आहेत. तिथल्या मॅडमना ती फार आवडली आहेत. दादा तीच कापायला घेतात.

"अहो, तेच तर सुंदर आहे!"

"मॅडम, त्यात हिरवं नाही. ते स्वतःचं अन्न करत नाही. मागच्या पानांच्या जिवावर जगतंय." दोन पानांच्या कडा करपायला लागल्याही आहेत, दादा त्या दाखवतात. वेल शेवटच्या ठिपकेदार पानापर्यंत मागे आणतात. शेजारच्या कुंडीतला निखळ हिरवा फाटाही काढतात. तो जोमाचा, ठेवला तर वर्षभरात कुंडी खाऊन टाकेल.

या ऑफिसकडे दोन महिन्यांचे पैसे थकलेत. आज विचारल्यावर उत्तर आलं, पुढच्या महिन्यात एकदम. दादा "बरं" म्हणाले आणि पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायला लागले. पुसायच्या पानांची संख्या त्यांनी कमी केली नाही. मला राग आला होता.

१.२०
बाकावर डबा. भाकरी, मटकी, कांदा. तेल लावूनही डाव्या मनगटाला खाज. दादा ते लिंबाच्या फोडीने चोळतात.

३.००
सदाशिव पेठ. आजी एकट्या. खिडकीत होया, मेणासारख्या फुलांची वेल. तिच्यातून अडीच फुटांचा एक बोडका फोक बाहेर आलाय. एक पान नाही.

"वाळलाय मेला. काप."

"नाही आजी. जिवंत आहे."

दादा नखाने फोकाची बारीक साल खरवडून मला दाखवतात. आत हिरवं, वर पांढऱ्या चिकाचा थेंब. होया रुईच्या कुळातली. तिचा फोक आधी लांब जातो, आधार धरतो, पानं मागाहून फुटतात. पूर्वी एका घरी दादांनी असे सगळे फोक वाळके समजून कापले होते. त्या बाईंनी दोन वर्षं फुलांची वाट बघितली. ते सांगताना दादांचा आवाज खाली येतो.

फुलाचा गळून उरलेला खुंटही काढायचा नाही. पुढचा गुच्छ त्याच खुंटावर येतो.

डार्विनने वेलींच्या हालचालींवर १८६५ साली दीर्घ निबंध लिहिला. आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या भाऊबंदांपैकी एका वेलीचा फोकही त्याने मोजला होता. लांबी ३१ इंच, एक फेरी सव्वापाच ते पावणेसात तासांत, टोकाचा वेग ताशी ३२-३३ इंच. मी हे सांगतो. दादा पेन्सिल मागतात. भिंतीवर शेंड्याच्या सावलीशी रेघ मारतात. ऊन सरकेल म्हणून ती पुसून खिडकीच्या गजावर खूण करतात, बरोबर शेंड्यासमोर. मग कुंडीतली माती हलवतात, मिलीबग कापसाने पुसतात, एक तार बांधतात.

३.५०
शेंडा खुणेपासून चार बोटं सरकलाय. आजी चष्मा लावून दोनदा बघतात.

"म्हणजे आज काहीच कापलं नाहीस?"

"नाही आजी."

आजी आत जातात आणि महिन्याचे सातशे आणतात. आठवडा आधीच.

६.१०
दादांची खोली, मागे पत्र्याची पडवी. फडक्यातल्या बारा कांड्या बाहेर येतात. काळ्या पिशव्या, कोकोपीट, माती, थोडी वाळू. कांडी पेर मातीत जाईल इतकीच खोल. जगल्या तर दोन महिन्यांनी प्रत्येकी चाळीस रुपये. दादा मोजतात, दोन कांड्यांना डोळा दबलेला, त्या बाजूला. राहिल्या दहा.

सिकेटर स्पिरिटने पुसून पिशवीत. उद्या कोथरूडला आणखी एक मॉन्स्टेरा आहे, सोफ्याखाली शिरलेला. त्याच्या काठीसाठी दादा गोणपाटाचा तुकडा बादलीत भिजत घालतात आणि वर वीट ठेवतात.