वीस अक्षरांचा पत्ता

क्रिस्पर तंत्रात डीएनए कापण्याचे काम कॅस-९ हे प्रथिन करते. कुठे कापायचे ते गाइड आरएनए ठरवतो. त्याची २० अक्षरे डीएनएच्या ज्या भागाशी जुळतात, तिथे काप बसतो. मात्र त्या भागाला लागून पॅम ही खूण असावीच लागते: कोणतेही एक अक्षर आणि पाठोपाठ दोन ‘जी’.

अशा खुणा दोन्ही धाग्यांवर जागोजागी असल्याने एकेका जनुकासाठी शेकडो गाइड शक्य असतात. त्यांतून निवड करायला संशोधक क्रिस्पॉर, चॉपचॉप अशी सॉफ्टवेअर वापरतात. जनुकाचा क्रम आणि सजीवाचे नाव दिले की गाइडची यादी गुणांसह समोर येते.

गुण दोन प्रकारचे. पहिला कार्यक्षमतेचा, म्हणजे गाइड काप किती हमखास घडवेल याचा. हजारो गाइड पेशींत तपासून मिळालेल्या माहितीवरून हा अंदाज बांधतात. तो सरसकट लागू पडत नाही. पेशीतच तयार होणाऱ्या गाइडसाठी बसवलेले सूत्र, परीक्षानळीत बनवून झेब्राफिशच्या भ्रूणात टोचलेल्या गाइडला नीट लागू होत नाही.

दुसरा गुण जास्त मोलाचा: भलतीकडे काप बसण्याची शक्यता किती? माणसाच्या सुमारे तीन अब्ज अक्षरांत दोन-चार अक्षरांच्या फरकाने जुळणाऱ्या जागा सॉफ्टवेअर हुडकते. पॅमजवळचा फरक कॅस-९ ला सहसा अडवतो, दूरच्या टोकाचा खपून जातो; गुण देताना हा भेद धरलेला असतो.

पण शोध होतो तो एका प्रमाण जीनोममध्ये, आणि प्रत्येक रुग्णाचा डीएनए थोडा वेगळा असतो. सिकलसेलवरील कॅसजेव्ही उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यातील गाइड बीसीएल११ए जनुकाच्या नियंत्रक भागावर बेतलेला आहे. माणसामाणसांतील फरक धरून शोधणाऱ्या क्रिस्परमी या सॉफ्टवेअरने दाखवले, की आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत एका अक्षराच्या बदलाने सीपीएस१ जनुकात नवी पॅम तयार होते आणि तिथेही हा गाइड कापू शकतो. सिकलसेलचे बहुसंख्य रुग्ण आफ्रिकी वंशाचेच असल्याने ही बाब गंभीर होती. प्रमाण जीनोममधल्या शोधात ती जागा निसटली होती.

म्हणून यादीतले पहिले तीन-चार गाइड प्रत्यक्ष पेशींत वापरून पाहतात आणि लक्ष्याबरोबरच संशयित जागांचाही डीएनए क्रम वाचतात.