मिरच्यांची गाडी

मे महिन्यात आमच्या दोंडाईच्यात गच्चीवर पाऊल ठेवायला जागा नसते. एका अंगाला कुरडया-पापड, दुसऱ्या अंगाला वर्षाच्या तिखटासाठी वाळत घातलेल्या मिरच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या मिरच्यांत एक पाहुणी येऊन बसली. पुण्याहून सुट्टीला आलेली माझी अकरा वर्षांची नात.

भर दुपारी ती वर काय करते म्हणून पाहायला गेलो. तिने स्टुलाच्या कडेला आईचा जुना मोबाइल सुतळीने बांधला होता आणि खाली पांढरी चादर अंथरली होती. चादरीवर मिरच्या मांडायच्या, फोटो काढायचा, प्रत्येक मिरची बोटभर सरकवायची, पुन्हा फोटो काढायचा. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, ''काय करी ऱ्हायनी वं पोर?'' मी काही बोलणार, तोच नात ओरडली, ''आबा, बाजूला व्हा, तुमची सावली येतेय!''

मी सावलीसकट जिन्यात जाऊन बसलो. मनात म्हटले, काय हे मोबाइलचे खूळ! दिवसभर अंगठ्याने पंधरा-पंधरा सेकंदांची चित्रे ढकलणारी पोरे आपण सगळेच पाहतो. त्यातलाच हा प्रकार, असे मी धरून चाललो होतो.

दोन दुपारी असा खटाटोप चालला. ढग आला की चित्र काळवंडायचे, वारा आला की मिरची जागा सोडायची, आणि मग मागचे चार-सहा फोटो पुसून पुन्हा सुरुवात. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावले. चादरीच्या एका कोपऱ्यातून एकेक मिरची सरपटत आली, एकीला एक जोडली गेली, त्यांचे डबे झाले, चाके झाली आणि ती लाल गाडी डोलत डोलत निघून गेली. आमच्या गावावरून सुरत-भुसावळ लाइनची गाडी जाते तशीच. सगळा मिळून बारा सेकंदांचा खेळ. सेकंदाला बारा फोटो, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. हिशेबाची खोड जात नाही, म्हणून मी ते मोजले आणि गप्प झालो. बारा सेकंदांसाठी दोन दिवस उन्हात बसणाऱ्या पोरीला उथळ म्हणायची माझी छाती झाली नाही.

हा खेळ काही मोबाइलबरोबर जन्माला आलेला नाही. त्याचा आपल्याकडचा मूळपुरुष शेजारच्याच नाशिक जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरचा. 1912 मध्ये दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटासाठी पैसा हवा होता, पण न पाहिलेल्या वस्तूवर पैसा लावणार कोण? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज कॅमेऱ्यासमोर त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर लावली तेव्हा अंकुर फुटला, देठ वर आला, वेल चढला, आणि सगळे पाहता पाहता! ही इवलीशी फीत दाखवून त्यांनी पैसा उभा केला. तरीही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पुढे 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. वाटाण्याचे रोप दाखवून कोणी माझ्या टेबलासमोर उभा राहिला असता, तर 'प्रकल्पाची व्यवहार्यता सिद्ध होत नाही' असा शेरा मारून मी अर्ज परत केला असता, हे प्रांजळपणे सांगतो.

याच फाळक्यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फीत केली. काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या. आज ती पाहायला मिळत नाही, पण माझ्या नातीच्या मिरच्या त्या काड्यांच्याच गोतावळ्यातल्या.

पुढे सरकारी फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत 1956 मध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग काढला. आमच्या पिढीने सिनेमापूर्वी दाखवल्या जाणाऱ्या त्या सरकारी फितींच्या वेळी बाहेर उभे राहून शेंगा खाल्ल्या. काय गमावले ते आता कळते. तिथले प्रमोद पती प्रागला जाऊन बाहुल्यांचे चित्रपट शिकून आलेले. त्यांनी 1972 च्या 'आबिद' या फितीत चित्रकार आबिद सुरती यांनाच बाहुली केले. माणूस उभा करायचा, चित्र घ्यायचे, किंचित हलवायचा, पुन्हा चित्र. आबिद सुरती म्हणजे 'ढब्बूजी'वाले. पुढे 1974 मध्ये भीमसेन यांचे 'एक अनेक और एकता' आले. दूरदर्शनवर ते पाहिले नाही असे घर विरळा. त्यामागे विजया मुळे नावाची मराठी बाई उभी होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आणि अलीकडचे नाव गीतांजली राव यांचे. 2006 ची त्यांची 'प्रिंटेड रेनबो' ही फीत अवघ्या पंधरा मिनिटांची. मुंबईतल्या खोलीत एक एकटी म्हातारी आणि तिची मांजर. म्हातारीला काड्यापेट्यांवरची चित्रे जमवायचा छंद. पेटी हातात घेतली की ती त्या चित्रात शिरते आणि रंगांच्या मुलखात हिंडून येते. राव यांनी हे एकटीने, हाताने रंगवले. त्यासाठी सुमारे तीन वर्षे बसल्या. कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात या फितीला तीन पुरस्कार मिळाले. फाळक्यांच्या काड्या आणि राव यांच्या काड्यापेट्या यांत नव्वदेक वर्षे गेली. साधने बदलली, पण बसण्याला पर्याय निघाला नाही. चित्र लहान आहे की मोठे, मोबाइलवर आहे की पडद्यावर, यापेक्षा त्यामागे कोणी किती बसले आहे हे पाहावे, असे आता मला वाटते.

हे सगळे मी नातीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. सांगता सांगता एक जुनी दुपार आठवली आणि जीभ अडखळली.

1997 चे साल असेल. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. बँकेतून बाद झालेले स्लिपांचे एक पॅड मी घरी आणले होते, पाठकोऱ्या कागदावर गणिते करायला. त्याने प्रत्येक स्लिपेच्या कोपऱ्यात एकेक माणूस काढला. पॅड धरून अंगठ्याने भराभर सोडले की तो माणूस धावायचा आणि शेवटच्या स्लिपेवर कोपऱ्याबाहेर उडी मारायचा. पोरगा धावत मला दाखवायला आला. मी म्हणालो, ''चित्रं काढून पोट भरत नाही. किती गणितं झाली?'' त्याने पॅड पाठीमागे लपवले. नंतर ते मी कधी पाहिले नाही. तो शिकला, कंपनीत लागला, सुखात आहे. माझ्यावर त्याचा कसलाही राग नाही, निदान त्याने तसे कधी दाखवले नाही.

जूनच्या तोंडावर तो मुलीला न्यायला आला. तिने मिरच्यांची गाडी दाखवली. त्याने एकदा पाहिली, दोनदा पाहिली. म्हणाला, ''छान आहे. पण गाडी सुटताना एकदम वेग घेत नाही बेटा. सुरुवातीला मिरच्या अगदी थोड्या सरकव, मग हळूहळू जास्त. म्हणजे डोळ्याला ती जड वाटेल.''

मी चमकून पाहिले. हे त्याला कंपनीत कोणी शिकवले नव्हते.

''तुला रे कसं ठाऊक?'' मी विचारले.

''दादा, तो स्लिपांवरचा माणूस आठवतो? तोही आधी एकदम पळायचा. मग मी पहिली दहा पानं खोडून पुन्हा काढली होती.''

त्याला दहा पाने आठवत होती. मला फक्त गणिते आठवत होती.

संध्याकाळची गाडी त्यांनी चुकवली. बापलेक गच्चीवर उकिडवे बसून मिरच्या सरकवत होते आणि आमची ही खालून ओरडत होती की वर्षाचे तिखट दळायला कधी न्यायचे. मी जिन्यातच थांबलो, सावली पडू नये म्हणून.

वाचकहो, शाळा सुरू होताना मुलांच्या जुन्या वह्या आपण रद्दीत घालतो. घालण्यापूर्वी त्यांचे कोपरे एकदा अंगठ्याने भराभर सोडून पाहा.