साडेपाचला रेकॉर्डिंग बंद

वर्ध्यात मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे घरच्यांचा रोष ओढवून घेणं. पण 'वंडरवॉल म्युझिक' ही सिनेसंगीताची तबकडी नीट ऐकायची तर कूलर बंदच हवा. कारण मला तिच्यात सरोद ऐकायचा नसतो, मागची टॅक्सी ऐकायची असते. १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या फोर्टातल्या रस्त्यावरून गेलेली टॅक्सी. ती तबकडीवर आली, जगभर विकली गेली. त्याच सिनेमासाठी एका रॉक बँडने बांधलेलं, गायलेलं आणि पूर्ण झालेलं गाणं मात्र तीस वर्षं खोक्यात पडून राहिलं.

बँडचं नाव 'रेमो फोर'. लिव्हरपूलचा. कॉलिन मॅनली, टोनी ॲश्टन, फिल रॉजर्स आणि रॉय डाइक. मॅनली हा बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचा शाळेपासूनचा ओळखीचा. १९६७ च्या अखेरीस दिग्दर्शक जो मॅसॉट 'वंडरवॉल' नावाचा सिनेमा करत होता आणि त्याचं संगीत त्याने हॅरिसनकडे सोपवलं. हॅरिसनने सिनेमाचं संगीत तोवर कधी केलं नव्हतं. मॅसॉटने सांगितलं, तू जे देशील ते मी वापरीन. मग हॅरिसन स्टॉपवॉच घेऊन चित्रफीत बघायला बसायचा. हा प्रसंग अमुक सेकंद, तो तमुक सेकंद, असं टिपून घ्यायचा आणि स्टुडिओत तेवढ्या मापाचं संगीत करून आणायचा. कपडा आधी शिवून मग अंग शोधण्याची आपल्याकडची सवय त्याच्या कामी येणार नव्हती. इथे अंग आधीच ठरलेलं होतं.

पाश्चात्त्य तुकडे लंडनला झाले आणि त्यांत वाजवायला 'रेमो फोर' होता. भारतीय तुकड्यांसाठी हॅरिसन मुंबईला आला. फिरोजशहा मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत एचएमव्हीचा स्टुडिओ होता, तिथे काम झालं. लंडनच्या बंदिस्त स्टुडिओत वाढलेल्या माणसाला ही जागा नवलाचीच वाटली असणार. नंतर त्याने सांगितलं ते असं, की ध्वनिरोधनाची सोय नव्हती, म्हणून लक्ष देऊन ऐकलं तर टॅक्सी जाताना ऐकू येतात. आणि संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की रेकॉर्डिंग थांबवावं लागे, कारण जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांच्या पावलांचा धडधडाट थेट आत येई. रेकॉर्डिंगचं यंत्र जुनं, मोठं. त्यामुळे सगळं वाजतानाच जागच्या जागी मिसळून घ्यायचं. मागाहून एखादं वाद्य वर काढू म्हणायची सोय नाही.

आणि वाजवणारे कोण? सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजवर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. शिवाय सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे. ही दोन नावं वाचताना मराठी माणूस क्षणभर थांबतोच. मी तरी थांबतो. बीटल्सवर एवढं लिहून झालं, पण केंकऱ्यांची बासरी कुठे येते एवढं सांगणारा लेख अजून माझ्या वाचनात आला नाही.

सिनेमाचं मुंबईतलं काम आटोपताना १२ जानेवारीला आणखी एका गाण्याची वाद्यं वाजवून घेतली गेली: 'द इनर लाइट'. शब्द त्यावर फेब्रुवारीत लंडनला चढले आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ती पहिलीच वेळ. थोडक्यात, सिनेमाच्या वेळात झालेलं जास्तीचं काम लगेच बाजारात गेलं.

'रेमो फोर'च्या गाण्याचं उलटं झालं. मॅनली आणि ॲश्टन यांचं 'इन द फर्स्ट प्लेस', हॅरिसनच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालेलं. सिनेमाला फक्त वाद्यसंगीत हवं आहे अशी हॅरिसनची समजूत होती, म्हणून हे शब्दांचं गाणं त्याने मॅसॉटला पाठवलंच नाही. वाईट म्हणून नव्हे, कुणी नाकारलं म्हणूनही नव्हे. मागितलंच नाही, म्हणून दिलं नाही! लग्नघरी पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात झाकलेलं पातेलं सापडावं, तशातली गत. १ नोव्हेंबर १९६८ ला तबकडी आली, बीटल्सच्या ॲपल कंपनीची पहिली एलपी आणि कुणाही बीटलची पहिली स्वतंत्र. तिच्यावरही हे गाणं नव्हतं.

पुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॉट जुन्या सिनेमाची डागडुजी करायला बसला. त्याने हॅरिसनकडे मूळ रिळं मागितली. हॅरिसनने पाठवली, आणि त्यांतून हे गाणं निघालं. मॅसॉटने ते सिनेमाच्या नव्या प्रतीत घातलं आणि १९९९ च्या जानेवारीत ते सिंगल म्हणून आलं. गाण्यात हॅरिसनचा आवाज आहे असं अनेकांचं मत. कान लावला की मलाही तसंच वाटतं. त्याने मात्र आपलं नाव फक्त निर्माता म्हणून यावं असं सांगितलं. मॅनली त्याच वर्षी वारला.

मुंबईच्या रिळांनाही पुन्हा हात लागला तो २०१४ मध्ये. तेव्हाच्या नव्या आवृत्तीत 'ऑल्मोस्ट शंकरा' नावाचा, तोवर कुणी न ऐकलेला भारतीय तुकडा आला. त्याच्याबरोबर 'द इनर लाइट'ची एक वेगळा, शब्दांविनाचा टेकही. शंकरा म्हणजे आपला रात्रीचा राग. फोर्टातल्या स्टुडिओत तो कचेऱ्या सुटायच्या आत उरकावा लागला असेल. म्हणूनच नावात 'ऑल्मोस्ट' आलं, असं मी गमतीने धरून चालतो.

हेडफोन लावून मी तो तुकडा तीनदा ऐकला, टॅक्सी सापडली नाही. चौथ्यांदा लावणार, तेवढ्यात आतून कुणीतरी कूलर सुरू केला.