होडीला इंजिन बसविताना...

उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील अनेक कुटुंबे मासेमारी करतात. वल्ह्यांच्या होडीला बाहेरून इंजिन जोडले की श्रम वाचतात. मात्र होडीचा तोलही बदलतो.

पहिला प्रश्न उंचीचा. इंजिन ज्या मागच्या फळीवर अडकवतात, तिची उंची आखूड दांड्याच्या इंजिनासाठी सुमारे ३८ सेंटिमीटर, तर लांब दांड्यासाठी ५१ सेंटिमीटर लागते. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी. ती वर राहिल्यास पंखा हवा ओढून नुसताच फिरतो. फार खाली गेल्यास पाण्याचा अवरोध वाढतो. फळी कमी उंच असल्यास तिच्यावर भक्कम लाकडी ठोकळा आरपार बोल्टने बसवावा. उंच फळी खोल कापणे मात्र धोक्याचे, कारण तेथूनच लाट आत शिरते.

कंपनांनी क्लॅम्प सैल होतात, म्हणून इंजिनाला सुरक्षा साखळी हवीच. पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले मंदिर वर येते. अशा उथळ, दगडी जागी इंजिन वर उचलता यावे, यासाठी मागे मोकळी जागा ठेवावी.

इंजिन, इंधन आणि चालक असा सारा भार मागे पडतो. इंधनाची टाकी पुढे सरकवावी. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशी मार्गावर प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वारा आपल्या हाती नाही. होडीचा तोल आणि अंगावरचे जीवरक्षक जाकीट मात्र आहे.