बुडणारी बाग

पुण्यात मुठा नदीवर एक ‘नवा पूल’ आहे. त्याला शंभर वर्षं होऊन गेली, कागदोपत्री नाव शिवाजी पूल. पण जुने पुणेकर त्याला नवा पूलच म्हणणार! फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसमध्ये अगदी अशीच गंमत आहे. तिथे सीन नदीवर ‘पाँ नफ’ नावाचा पूल आहे. पाँ नफ म्हणजे नवा पूल. आणि हा नवा पूल बांधायला घेतला १५७८ मध्ये, पुरा झाला १६०७ मध्ये! आज पॅरिसमध्ये उभा असलेला सगळ्यात जुना पूल तोच.

आपल्याला मात्र तो पूर्ण ओलांडायचा नाही बरं का. अर्ध्यातच थांबायचंय. नदीच्या मधोमध होडीच्या आकाराचं एक बेट आहे, इल द ला सिते. प्रसिद्ध नोत्र दाम चर्च याच बेटावर आहे. पूल या बेटाच्या पश्चिम टोकाला टेकून मग पलीकडच्या काठावर जातो. तिथेच चौथ्या हेन्री राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा दिसेल. पहिला पुतळा १६१४ मधला. राज्यक्रांतीत, १७९२ मध्ये, लोकांनी तो फोडला. आताचा बसवला १८१८ मध्ये, आणि त्यासाठी धातू कुठून आणला माहीत आहे? नेपोलियनचा पुतळा वितळवून! एका राजाला पाडायचं, दुसऱ्याला वितळवायचं... मोठ्या माणसांचे खेळ, दुसरं काय!

पण मला विचाराल तर पुतळ्यापाशी फार वेळ घालवू नका. त्याच्या मागे दगडी पायऱ्या आहेत, त्या उतरा. रस्त्यावरचा गोंगाट वर राहतो आणि तुम्ही एका छोट्याशा त्रिकोणी बागेत येता. तिकीटबिकीट काही नाही. बागेचं नाव ‘व्हेर गालाँ’. वय झालं तरी मनानं तरुण आणि रंगेल, म्हणून हेन्री राजाला लोकांनी दिलेलं हे टोपणनाव. बाग लोकांसाठी खुली झाली १८८४ मध्ये. चेस्टनटची झाडं, गवत, बाकं, आणि टोकाशी पाण्यावर झुकलेला विलो. टोकावर जाऊन उभं राहिलं की नदी दोन्ही बाजूंनी येऊन पायांपुढे एक होते. जहाजाच्या नाळेवर उभं राहिल्यासारखं वाटतं.

आता खरी गोष्ट. तुम्ही जवळजवळ ७ मीटर खाली उतरलात, म्हणजे दोन मजले! बाग खणून खाली नेलेली नाही. उलट, बाकीचं बेट वर चढलंय. शेकडो वर्षं लोक पाडत राहिले, भर घालत राहिले, त्यावर पुन्हा बांधत राहिले. पुरात घर बुडू नये म्हणूनही जमीन उंच करत गेले. बेटाची जुनी पातळी साधारण या बागेएवढी होती. म्हणजे या पायऱ्या उतरताना आपण जुन्या काळात उतरतो.

आणि म्हणूनच सीनला पूर आला की पहिला मान या बागेचा! जून २०१६ मध्ये पाणी ६ मीटरच्या वर गेलं. समोरच्या काठावर लूव्र संग्रहालय आहे. तिथल्या लोकांची धांदल उडाली. तळघरांतल्या हजारो कलावस्तू त्यांनी वरच्या मजल्यांवर हलवल्या. बागेतून काय हलवणार? ती मुकाट्यानं पाण्याखाली गेली. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा तेच. पुलावरून पाहणाऱ्यांना दिसत होती ती नदीतून वर आलेली झाडं फक्त. १९१० चा पूर तर ८ मीटर ६२ सेंटिमीटरचा होता. त्यानंतर नदीच्या वरच्या अंगाला मोठमोठे जलाशय बांधले, तरी पूर यायचे ते येतातच.

“मग बागेभोवती उंच भिंत का नाही घालत?” असं तुमच्यापैकी कोणीतरी विचारेलच. घालता येईलही! पण मग टोकाशी बसून पाण्यात पाय सोडण्याची जागा उरेल का?

पाणी ओसरलं की गाळ उपसायचा, बाकं धुवायची आणि पायऱ्यांवरचं फाटक पुन्हा उघडायचं.