मणक्याची गादी सरकली; शस्त्रक्रिया केव्हा?

'मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे,' असे निदान झाले, की नांदेड-लातूरकडील रुग्णाच्या मनात शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो आणि पाठोपाठ पाय लुळे पडण्याची भीती. प्रत्यक्षात दोन मणक्यांमधील गादीचा मऊ गर बाहेर येऊन नसेवर दाब पडतो व कळ कमरेतून पायात उतरते. बहुसंख्य रुग्णांत ती औषधे व व्यायामाने काही आठवड्यांत ओसरते.

मग शस्त्रक्रियेने काय साधते? नेदरलँड्समधील २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली; मात्र वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. प्रथम थांबण्याचे ठरविलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे मुख्य लाभ वेळेचा. सुगीच्या दिवसांत कामाला उभे राहायचे असलेल्या शेतकऱ्यासाठी तो लहान नाही. मात्र आराम पायाच्या कळेला अधिक, कंबरदुखीला कमी मिळतो. काहींची गादी पुन्हा सरकते. पाय लुळा पडणे हा धोका विरळा आहे.

उलट, लुळेपणाचे भय काही वेळा थांबण्यातच असते. लघवी तुंबणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांमधील भाग बधिर होणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने घटणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच मालिश, चोळणे यांत वेळ न दवडता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. इतरांनी केवळ एमआरआयच्या अहवालावर नव्हे, तर लक्षणे पाहून तज्ज्ञांच्या सल्ल्याने निर्णय घेणे श्रेयस्कर.